पितांबरची मूठ

"मला सासूला मारायचंय," मी म्हणाले.

बैसाणे मॅडमनी चहाचा कप बशीत ठेवला. मला वाटलं, आता ह्या म्हणणार, असं बोलू नये, मोठ्या आहेत त्या. सगळे तेच म्हणत. पण मॅडमनी विचारलं, "कशानं?"

"कशानं म्हणजे?"

"मारायचं कशानं? काहीतरी ठरवलं असेल ना."

ठरवलं नव्हतं. पाच वर्षं मी झुंबरबाईचं, म्हणजे माझ्या सासूचं, मरण रोज डोळ्यांपुढे आणत होते. पण हत्याराचा विचार राहूनच गेला होता. मी चिडून म्हणाले, "दाव्यानं. म्हशीच्या दाव्यानं. तिनं मला ज्यानं बांधलं, त्याच दाव्यानं."

"मग आज दाव्याबद्दल बोलू," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कप पुन्हा उचलला.

हे अठ्ठ्याऐंशी साल. धुळ्याच्या चौथ्या गल्लीत एका मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना होता आणि त्यामागच्या खोलीत बैसाणे मॅडम बसत. मला दिवस गेले होते. पहिल्या बाळंतपणानंतर मला जो आजार जडला, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळासाठी थांबवल्या होत्या. म्हणाले, "गोळ्या थांबवतो तर त्यांच्या जागी काहीतरी हवं. दर गुरुवारी अमळनेरहून येत जा. मॅडमशी बोला."

मला हसू आलं. मी अमळनेरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचं बोलणं इकडून तिकडे जोडायचं, हेच माझं काम. बोलून कोणाचं भलं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कापसाचे भाव तेवढे ठरत.

पण दाव्याबद्दल मी बोलले. पहिल्यांदाच कोणापुढे बोलले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई नव्हती, म्हणून अमळनेरला सासरीच झालं. मुलगा झाला. वारलेल्या सासऱ्यांचं नाव ठेवायचं ठरलं, पितांबर. बारशाच्या आधीच माझी झोप उडाली. उडाली म्हणजे मला ती नकोच झाली. अंगात असा जोर आला, जसा बोरी नदीला पूर यावा. मी साड्या काढून गल्लीत वाटल्या. ओल्या केसांनी एक्स्चेंजमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं, उठा, मी सगळा खानदेश एका वायरीवर जोडून दाखवते. तिथून मला धरून आणलं आणि झुंबरबाईनं गोठ्यातलं दावं सोडून मला खाटेला बांधलं. भगत आला. मिरच्यांची धुरी झाली.

बांधलं ते एकवेळ मी सोडलं असतं. पण तिनं ओट्याकडचं दार उघडं ठेवलं होतं. लोकांना दिसावं, की घरच्यांचा काही दोष नाही, सूनच तशी निघाली. माझा पान्हा फुटून पोलकं भिजत होतं आणि गल्लीतली पोरं दारात उभी राहून बघत होती.

नंतर पूर ओसरला आणि नदी पार कोरडी पडली. जळगावच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, उन्माद-अवसाद, आणि गोळ्या दिल्या. मी माणसांत आले. घरी आले तर पाळणा सोडून ठेवलेला. पितांबर बोदवडला, माझ्या जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे, देवचंदभाऊंकडे गेला होता. जाऊबाईंना, पुष्पाबाईंना, मूलबाळ नव्हतं.

"पोऱ्या कोठे शे?" मी विचारलं.

"बोदवडले. येडीना हातमां पोऱ्या देतस का?" झुंबरबाई म्हणाली आणि पीठ चाळत राहिली.

माझा नवरा, रुपचंद, तेलाच्या मिलमध्ये फिटर होता. मोठमोठी यंत्रं खोलून पुन्हा बसवायचा. घरात मात्र त्याच्या तोंडाला कायम कुलूप. तो चपला बघत उभा राहिला.

पोरगा मोठा होत गेला. जेठांची बोदवडला आडत होती, दुकानात फोन होता. अमळनेरच्या व्यापाऱ्यांसाठी त्यांचा ट्रंक कॉल लागला की तो माझ्याच बोर्डावर यायचा. बोर्डावरची ऐकायची किल्ली उघडी ठेवली की दोन्हीकडचं ऐकू येतं. ठेवायची नसते, मी ठेवायची. भावताव चाललेला असायचा आणि मागून एखादा बारीक आवाज यायचा, "माय, माले भूक लागनी." ती माय मी नव्हते. असं ऐकलं की मी कधीकधी मधेच प्लग उपटून टाकायची. जेठ दहा वेळा हॅलो हॅलो करत बसत. एवढाच सूड माझ्या हातात होता.

आणि वर्षातून एकदा कानबाई. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा सारी भाऊबंदकी थोरल्याच्या घरी, म्हणजे बोदवडला, जमायची. रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, धान्य मोजायचं ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं, सव्वा मूठ गहू, सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ. ज्याची मूठ ज्या घरच्या ढिगात, त्यानं त्या घरचा रोट खायचा. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. आमच्यात भाऊ वेगळे झालेले, म्हणून ढीग दोन. झुंबरबाई मोठ्यानं नावं घेत मोजायची. "देवचंदनी मूठ. पितांबरनी मूठ." हे थोरल्याच्या ढिगात. मग "रुपचंदनी मूठ", हे माझ्या. साऱ्या भाऊबंदकीदेखत दरवर्षी माझा मुलगा असा दुसरीच्या ढिगात पडायचा आणि मी मान खाली घालून गहू निवडत बसायची.

"मला ती मूठ पाहिजे," मी मॅडमना सांगितलं. "मारायचं राहू द्या. पितांबरची मूठ माझ्या ढिगात पडली पाहिजे. तिच्याच हातानं."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. क्षमा करा, विसरून जा, असलं त्या कधी बोलल्या नाहीत. "पण त्यासाठी बाळंतपणानंतर तुम्ही बऱ्या राहिल्या पाहिजेत. सूड घ्यायला झोप लागते."

मग गुरुवारमागून गुरुवार आम्ही तेच केलं. माझी रातपाळी बंद करून घेतली. आजार येतो तो कोणत्या दारानं येतो, ते शोधून काढलं. आधी झोप जाते. मग मी चीजवस्तू वाटायला लागते. मग मला एक्स्चेंजची वायर न् वायर माझ्याशी बोलते असं वाटायला लागतं. मला सगळ्यात भीती रागाची होती, कारण मी जरा आवाज चढवला की घरात म्हणायचे, चढलं हिला पुन्हा. मॅडमनी विचारलं, "रागावल्यावर झोप लागते का तुम्हाला?"

"लागते. उलट घोरते मी."

"मग तो राग आहे. झोपून उठल्यावरही तोच राहिला, तर अस्सल राग आहे, तो तुमचा. झोपच नसेल, तर तो आजार, तो माझा. इकडे घेऊन यायचा."

एवढं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांचं ठरलं होतं की बाळंत होताच गोळ्या सुरू. म्हणजे अंगावर पाजायचं नाही, आणि रात्री सलग झोपायचं. रात्री बाळाला वरचं दूध दुसऱ्या कोणीतरी पाजायचं आणि माझ्यावर लक्षही ठेवायचं. "तुमची झोप गेली हे घरात सगळ्यात आधी कोणाला कळेल?" मॅडमनी विचारलं. नवऱ्याचं नाव घेणार होते. पण तो झोपला की यंत्रासारखा झोपतो. मग मला खरं उत्तर सापडलं आणि मी खदखदून हसले.

पाच वर्षं एक बाई माझ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होती. मी कूस बदलली तरी तिला जाग यायची. मी पुन्हा कधी येडी होते याची वाट बघणारी तिच्याइतकी पक्की राखणदार सगळ्या अमळनेरात मिळाली नसती.

"झुंबरबाई," मी म्हणाले.

तिला घेऊन धुळ्याला गेले तेव्हा माझं पोट चांगलंच दिसत होतं. मॅडमनी चहा मागवला. झुंबरबाईनं दारावरच्या पाटीवरचं बैसाणे हे नाव पोरसवदा कंपाउंडरकडून वाचून घेतलं होतं. नावावरून तिनं जात ओळखली आणि कप बोटानं लांब सरकवला. मॅडमनी आपला चहा संपवला आणि मग तिचाही संपवला. मग त्यांनी तिला सगळं समजावलं, झोपेचं, रागाचं, गोळ्यांचं.

"माय जित्ती शे अन् पोऱ्याले गायनं दूध?" झुंबरबाई म्हणाली. "अन् रातभर मी जागू? मी काय इन्ही चाकर शे का?"

"आजी, हिची झोप गेली तर आधी कोणाला कळेल?"

"माले. दुसरं कोणले कळी?" ती ताठून म्हणाली. त्यातला अभिमान मला दिसला.

मी तिच्याकडे वळले. "आत्या, कानबाईनी आन ल्या. मन्ही झोप उडनी तर माले बांधशात नही. भगत आनशात नही. लेकरू बोदवडले धाडशात नही. माले आठे आनशात."

"अन् आन नही ली तर?"

"तर कानबाईले बठ्ठी भाऊबंदकी बसी, तव्हय मी दावानी गोट सांगसू. उघडा दारनीबी सांगसू."

"तू माले धमकी देस का वं?"

"हा. देस."

भाऊबंदकीत म्हातारीचा मान होता, लोक तिला विचारल्याशिवाय सोयरिकी ठरवत नसत. सुनेला जनावराच्या दाव्यानं बांधल्याचं बोदवडला कोणाला माहीत नव्हतं. तिनं गळ्यातल्या माळेला हात लावला आणि आण घेतली. ती आण पाळेल, असं मला एक क्षणही वाटलं नाही. ती मोडेल आणि मग मी तिला भर सभेत उघडी पाडेन, या आशेवर मी उरलेले महिने काढले.

मृग लागला आणि मुलगी झाली. गोळ्या सुरू झाल्या. छाती करकचून बांधून घेतली. दूध जिरेपर्यंत फार दुखलं. झुंबरबाई रात्री वाटी-चमच्यानं पोरीला दूध पाजत बसे. सकाळी तिचे डोळे लाल असत आणि मी झोपून उठलेली असे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. जाग म्हटलं, पाच वर्षांचं सगळं जाग.

सव्वा महिना व्हायच्या आत ते आलंच. मी पहाटेच उठून भांडी घासायला लागले. मग घासलेलीच घासली. मग पेटीतली नवी साडी काढून शेजारच्या लिलाबाईंना देऊन आले. माझ्या मते मी एकदम ठीक होते, गेल्या कित्येक वर्षांत इतकी ठीक नव्हते. परत आले तर घरात झुंबरबाई नाही. पाळण्यात पोरगी नाही.

मी तशीच रस्त्यावर धावले. भर दुपारची वेळ. ती पुढे चालली होती, पोरीला पदरात गुंडाळून, काखेत गाठोडं. आमच्या गल्लीपुढे रस्ता फुटतो. एक स्टेशनाला जातो, तिथून बोदवडची गाडी. दुसरा एस.टी. स्टँडला. मला ओरडायचं होतं, चोर, पोरं चोरणारी, धरा हिला. आणि त्या ओरडण्याच्या आतून कुठेतरी एक गोड कळही येत होती, की मोडली, आण मोडली, आता सापडलीस.

फाट्यावर म्हातारी थांबली. मागे वळून माझी वाट बघत राहिली. मी जवळ येताच तिनं माझं मनगट धरलं आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागली.

"कोठे?" मी ओरडले.

"धुळाले. तुन्ही डाक्टरीनकडे. पोर लिसन निंघनू, म्हणजे तूबी मांगे येशी. तशी तू कोठे येती?" ती धापा टाकत होती. "कालदिनथून तुन्हा डोळाले डोळा नही. चाल."

"कसाले करतस तुम्ही हाई?"

"तुन्हाकरता नही करी ऱ्हायनू," ती म्हणाली. "आन लेल शे."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मला झोपवलं. औषध वाढवलं. जाग येई तेव्हा खाटेशेजारी सतरंजीवर झुंबरबाई पोरीला मांडीवर घेऊन बसलेली दिसे. मॅडम येऊन रोज थोडं थोडं बोलायच्या. घरी निघायच्या दिवशी चहा आला तेव्हा म्हातारीनं कप उचलला आणि फुंकर मारून प्याली. खिडकीला पडदा होता, दार लावलेलं होतं, आणि मला कोणीही बांधलं नव्हतं.

मला तिचे आभार वाटायला हवे होते. मला राग आला. तिनं आण पाळून माझं हत्यारच काढून घेतलं होतं. आता दाव्याची गोष्ट मला सांगता येणार नव्हती.

"मूठ आहे ना अजून," मॅडम म्हणाल्या. मग त्या झुंबरबाई झाल्या आणि मी मी, आणि मी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. मॅडमना अहिराणी छान यायची, पण सासूसारखं खवचट काही बोलता यायचं नाही. मीच त्यांना शिकवलं.

श्रावणात बोदवडला गेलो. ओसरीवर भाऊबंदकी बसली होती. पुष्पाबाईंनी पितांबरला नवा सदरा घातला होता. तो मला बघून त्यांच्या मागे गेला. मला तो काकू म्हणायचा. झुंबरबाई पाटावर बसली, समोर दोन सुपं.

"देवचंदनी मूठ." गहू सुपात पडले. तिनं पुन्हा मूठ भरली. "पितांबरनी..."

मी तिचं मनगट धरलं. "पितांबरनी मूठ आठे. मन्हा सुपमां."

माझा आवाज चढला होता. मला माहीत होतं आता काय होणार. कोणीतरी चुळबुळलं. देवचंदभाऊ रुपचंदला म्हणाले, "इले घरमां लई जा." आणि पुष्पाबाई, आवाज अगदी मऊ ठेवून, सासूला म्हणाल्या, "आत्या, इले झोप लागस ना बराबर?"

संपलं. त्या एका प्रश्नानं संपलं. आता मी काहीही बोलले तरी ते येडीचं बोलणं होणार होतं. साऱ्यांच्या नजरा झुंबरबाईकडे गेल्या, कारण माझ्या झोपेची खबर तिलाच. पाच वर्षं ती जे म्हणत आली, ते तिनं एकदा म्हणायचं बाकी होतं. तिची मूठ माझ्या हातात तशीच बंद होती.

"लागस," झुंबरबाई म्हणाली. "कालबी घोरी ऱ्हायंती. मी देखस ना रोज." मग तिनं देवचंदभाऊंकडे पाहिलं. "हाई येड नही शे. हाऊ राग शे. मन्हावर शे."

आणि तिनं मूठ माझ्या सुपात उघडली.

दुसऱ्या दिवशी रोट झाले. पितांबरला माझ्या ताटाशी बसवलं. तसाच नेम होता, मूठ माझ्या ढिगात तर घास माझ्या ताटात. मी रोट दुधात कुस्करून त्याला भरवायला गेले. त्यानं तोंड उघडलं, घास घेतला, आणि चावत चावत सारा वेळ पलीकडे पुष्पाबाईंकडे बघत राहिला. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. त्यांचे खांदे हलत होते. मी पाच वर्षं ज्या जागी बसत होते, नेमकी तीच जागा त्यांना मिळाली होती. मला तेही बघायचं होतं. मी पोटभर बघितलं.

निघताना झुंबरबाईच म्हणाली, "लई जा त्याले. आते कोनी काही म्हननार नही."

मी हात पुढे केला. पितांबरनं पुष्पाबाईंच्या कमरेला मिठी घातली, बोटं लुगड्यात रुतवली, आणि असा ओरडला की गल्लीतली पोरं दाराशी जमा झाली. दार उघडं होतं. ती पोरं आत बघत होती. त्याला न्यायचा तर एकेक बोट सोडवून, हातपाय धरून, बांधल्यासारखाच न्यावा लागला असता. बांधून नेतात तेव्हा कसं वाटतं, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

मी आधी दार लावून घेतलं. मग पितांबरच्या वाट्याचे उरलेले रोट फडक्यात बांधले आणि पोरीला घेऊन स्टेशनला निघाले. पोरींची मूठ कोणी मोजत नाही, त्यामुळे तिला कोणाच्या सुपात टाकायची हा प्रश्न नव्हता.

रोट पुनवेच्या आत संपवावे लागतात आणि घरच्यांनीच खावे लागतात. अमळनेरला रोज कामावरून आले की मी फडकं सोडायची आणि त्याच्या वाट्याचा तुकडा चावत बसायची. ते वाळून दगडासारखे झाले होते. एकदा झुंबरबाई पोरीला मांडीवर थोपटत समोर बसली होती. तिला दात नव्हते, पण कानबाईचा रोट म्हणून तिनं हात पुढे केला.

"त्यातला नही," मी म्हणाले. "तो पितांबरना शे."

तिनं हात मागे घेतला आणि पोरीला थोपटत राहिली. मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि दुसरा तुकडा तोंडात टाकला.